परसातला व्हॅनिला: वेलीपासून डब्यापर्यंत

व्हॅनिलाची पूर्ण तयार झालेली हिरवी शेंग तोडून नाकाशी धरली तर कच्च्या पाल्याचा वास येतो, बाकी काही नाही. सुगंध आत असतो, पण साखरेला बांधलेल्या रूपात अडकलेला असतो. शेंगेतलंच एक विकर (एन्झाइम) ही गाठ सोडवतं आणि त्यातून व्हॅनिलिन हे सुगंधी द्रव्य मोकळं होतं. मात्र जिवंत शेंगेत हे विकर आणि तो बांधलेला सुगंध वेगवेगळ्या ठिकाणी असतात. त्यांची भेट घडवायची म्हणजे शेंगेचा जीव घ्यायचा, तिला उबेत घामवायचं, सावकाश वाळवायचं आणि डब्यात मुरवायचं. वेल वाढवायला तीन वर्षं जातात, शेंग भरायला नऊ-दहा महिने आणि डब्यातून हाती यायला पुढचे चार महिने. यातली पहिली दोन कामं कोकणातला कुणीही माड-पोफळी राखणारा माणूस करू शकतो. घरच्या पिकाची माती होते ती शेवटच्या टप्प्यात, आणि बहुतेक वेळा एकाच कारणाने: माल थोडा असल्यामुळे ऊब टिकत नाही. म्हणून इथे लागवड गरजेपुरती सांगतो आणि शेंग मुरवण्याचं काम सविस्तर.

घराला चार वेली पुष्कळ झाल्या. चांगल्या पोसलेल्या चार वेलींपासून चौथ्या-पाचव्या वर्षी पाच-सहा किलो हिरव्या शेंगा मिळू शकतात आणि त्यांचा साधारण किलोभर तयार माल होतो. एका कुटुंबाला, नातेवाइकांना वाटून, तो वर्षभर संपत नाही.

हा मूळचा मेक्सिकोचा वेल आमरी कुळातला. त्याला उष्ण, दमट हवा आणि अर्धी सावली लागते, म्हणजे कोकणातली वाडी किंवा गोव्यातलं कुळागर त्याला मानवतं. मात्र एप्रिल-मेमधलं ऊन थेट पडलं तर पानं पिवळी पडून भाजतात. ५० टक्के सावली वर्षभर हवी आणि होळीनंतर वरून झावळ्यांचा आणखी एक थर. उलट पावसाळ्यात सावली दाट राहिली तर वेल ओली राहते आणि कुजते, म्हणून मृग लागण्याआधी आधाराच्या झाडाच्या फांद्या छाटाव्यात. आधाराला गिरिपुष्प किंवा पांगारा उत्तम. दोन्ही फाटे लावून लवकर वाढतात, छाटणी सोसतात आणि त्यांचा पाला आळ्यात टाकता येतो. आधार वेलीच्या आधी किमान सहा महिने लावावा. दोन वेलींत दोन मीटर अंतर ठेवावं.

लागवडीची कांडी एक मीटरच्या आसपास लांब घ्यावी. आखूड कांडीही जगते, पण फुलायला वर्षभर जास्त घेते. रोगट किंवा फुलून गेलेल्या वेलीची कांडी घेऊ नये. तोडलेली कांडी खालची तीन-चार पानं काढून आठवडाभर सावलीत टांगून ठेवावी. ती थोडी मलूल झाली की कापलेलं तोंड सुकतं आणि कुजण्याची भीती कमी होते. लावताना खालची दोन-तीन पेरं मातीत पुरायची नाहीत. भुसभुशीत पालापाचोळ्यावर आडवी ठेवून वर बोटभर पाला पसरायचा आणि कापलेलं टोक हवेत उघडं ठेवायचं. वरचा भाग आधाराला केळीच्या सोपटाने सैल बांधायचा. आषाढातल्या मुसळधार पावसात लावलेली कांडी हमखास सडते. भाद्रपदात पाऊस ओसरला की लावावी, म्हणजे थंडीआधी मुळं धरतात.

व्हॅनिलाची मुळं वरच्या वर, पाल्यातच पसरतात. म्हणून आळ्यात कुदळ, खुरपं काही लावायचं नाही. अर्धवट कुजलेला पाला, नारळाच्या सोडणांचे तुकडे, मुरलेलं शेणखत यांचा चार-सहा इंचांचा थर कायम ठेवायचा आणि वर्षातून तीन वेळा नवा पाला घालायचा. ताजं शेण घालू नये, मुळं जळतात. १९:१९:१९ विद्राव्य खत लिटरला ५ ते १० ग्रॅम या प्रमाणात महिन्यातून एकदा पानांवर फवारलं तर वेल भराभर वाढते. पाणी थोडं थोडं द्यायचं: पावसाळ्यानंतर एका दिवसाआड वेलीला दोन-तीन लिटर. घरच्या परसात या वेलीचा मोठा वैरी कोंबडी असते. ती पाला उकरते, मुळं उघडी पडतात आणि दोन दिवसांत वेल कोमेजते. आळ्याभोवती दोन फुटांची जाळी लावल्याशिवाय सुटका नाही. पावसाळ्यात गोगलगायी कोवळे शेंडे खातात. संध्याकाळी बॅटरी घेऊन त्या वेचून काढाव्यात. मीठ टाकून मारायला जाऊ नये, ते पाण्याबरोबर मुळांत उतरतं.

रोगांत सगळ्यात वाईट मूळकूज आणि खोडकूज. ती फ्युजेरियम बुरशीमुळे होते आणि एकदा बुंध्यात शिरली की औषधाने बरी होत नाही. अशा वेळी वरचा निरोगी भाग कापून नवी कांडी म्हणून दुसऱ्या जागी लावायचा आणि जुन्या जागी पुन्हा व्हॅनिला लावायचा नाही. पावसात शेंगांवर येणारी कूज फायटोफ्थोरा या बुरशीची, त्याच जातीतली जी पोफळीला कोळेरोग आणते. म्हणून पोफळीसाठी केलेलं बोर्डो मिश्रण इथेही चालतं. घरगुती प्रमाण: १०० ग्रॅम मोरचूद पाच लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या पाच लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या बादल्यांत वेगवेगळे विरघळवून मग एकत्र ओतायचं. घासलेला विळा त्यात क्षणभर बुडवून पाहायचा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी घालायचा. पाऊस सुरू होण्याआधी एक फवारणी, मधल्या उघडिपीत दुसरी. फुलं असताना फवारायचं नाही.

वेल वर वर चढत गेली तर फुलत नाही. तिला दीड मीटर उंचीवर आधाराच्या बेचक्यातून खाली वळवायची, जमिनीजवळ आली की पुन्हा वर चढवायची. वळणावर रस अडतो आणि त्याच्या पुढच्या लोंबत्या भागावर फुलांचे घोस येतात. गणेशोत्सवाच्या सुमारास लोंबत्या वेलींचे चार-चार इंच शेंडे खुडून टाकावेत. त्यानंतर पाऊस संपला की दीड-दोन महिने पाणी तोडायचं. पानं किंचित सुरकुततील, घाबरू नये. या ताणाशिवाय कोकणातल्या हवेत वेल नुसती हिरवी वाढते. पानांच्या बेचक्यात टोकदार कळी दिसली की पाणी पुन्हा सुरू करायचं. तिसऱ्या वर्षी, थंडीच्या शेवटाला, फुलं येतात.

मग रोजचं काम सुरू होतं. एका घोसात पंधरा-वीस फुलं, पण रोज एखाददुसरंच उमलतं, तेही पहाटे, आणि दुपारी मिटतं. तेवढ्यात हाताने परागण केलं नाही तर फूल गळतं. मेक्सिकोत हे काम काही प्रमाणात तिथल्या मधमाश्या करतात. आपल्याकडे ते आपणच करायचं. हाताने परागण करण्याची ही सोपी रीत एडमंड अल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने १८४१ साली हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर शोधली. तोवर त्या बेटावर वेली वाढत होत्या, शेंगा मात्र धरत नव्हत्या. आजही जगातला जवळजवळ सगळा व्हॅनिला त्याच्याच पद्धतीने धरतो. त्याच्या नावाचा इथे आदराने उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही.

हत्यार म्हणून माडाच्या हिराचा बोटभर तुकडा घ्यायचा, टोक निमुळतं करून काचकागदाने गुळगुळीत करायचा. फूल मागून डाव्या हाताच्या बोटांत धरायचं. नळीसारखा गुंडाळलेला ओठ हिराच्या टोकाने उभा चिरून खाली दाबायचा. आत एक पांढरा दांडा दिसतो. त्याच्या टोकाला परागाची पिवळी गोळी, तिच्याखाली चिकट कुक्षी, म्हणजे पराग धरणारा भाग, आणि दोघींच्या मध्ये जिभेसारखा पातळ पडदा. हिराच्या टोकाने हा पडदा वर उचलून मागे सारायचा, डाव्या अंगठ्याने परागाची गोळी कुक्षीवर हलकेच दाबायची आणि हीर अलगद काढून घ्यायचा. पडदा फाटला तरी चालतं, कुक्षीला ओरखडा गेला तर फूल वाया. सरावाने एका फुलाला पाच-सात सेकंद लागतात. सकाळी सात ते अकरा ही वेळ चांगली. पाऊस किंवा दव पडून फूल ओलं असेल तर सुकेपर्यंत थांबावं, ओल्या परागाची गोळी घसरते. दोन-तीन दिवसांनी फूल सुकूनही देठाला घट्ट राहिलं तर शेंग धरली.

सगळीच फुलं परागित करण्याचा मोह आवरला पाहिजे. एका घोसात आठ-दहा शेंगा पुरे, आणि एका वेलीवर दहा घोस. पहिल्या बहराला तर चार-पाच घोसच ठेवावेत. जास्त ठेवले तर शेंगा आखूड, बारीक राहतात आणि पुढच्या वर्षी वेल फुलतच नाही. घोसाच्या खालच्या बाजूची फुलं निवडावीत, म्हणजे शेंगा सरळ लोंबतात. वरच्या बाजूच्या फुलांच्या शेंगा वाकड्या होतात आणि वाकडी शेंग पुढे एकसारखी वाळत नाही. पुरेशा शेंगा धरल्या की घोसाचं टोक खुडून टाकायचं.

आता थोडं गुप्ततेबद्दल. व्हॅनिला राखणाऱ्या प्रत्येक मुलखात चोरी हाच मोठा धाक आहे. २००० साली, जगाला बराचसा व्हॅनिला पुरवणाऱ्या मादागास्करला हुडा चक्रीवादळाचा तडाखा बसल्यानंतर जगभर भाव चढत गेले. केरळ-कर्नाटकात २००३-०४ मध्ये हिरव्या शेंगेला किलोला हजारोंनी रुपये मिळत होते आणि लोक रात्री राखण करत होते. नंतर भाव कोसळला आणि अनेकांनी वेली उपटून टाकल्या. आता पुन्हा काही वर्षांनी भाव वर-खाली होतातच. घरच्या चार वेलींसाठी कुत्रा बांधायची गरज नाही, पण बोभाटाही करू नये. वेली पाणंदीच्या बाजूला न लावता मागच्या परसात, न्हाणीघराच्या आडोशाला, पोफळींच्या आत लावाव्यात. हिरव्या शेंगा लांबून फरसबीसारख्याच दिसतात आणि त्यांना वास नसतो, त्यामुळे त्या आपणहून लक्ष वेधत नाहीत. मादागास्करमध्ये शेतकरी बुचात टाचण्या खोचून शिक्का बनवतात आणि शेंग हिरवी असतानाच तिच्यावर टोचतात. शेंग मुरून काळी झाली तरी ठिपक्यांची ती खूण राहते. आपण हे केलं तर आणखी एक उपयोग होतो: कुठल्या आठवड्यात धरलेली शेंग ते खुणेवरून कळतं. पहिल्या आठवड्यात धरलेल्या शेंगांना एक ठिपका, दुसऱ्या आठवड्यातल्यांना दोन. शेंग सहा आठवड्यांत पूर्ण लांब होते आणि पुढचे सात-आठ महिने नुसती भरत राहते, त्यामुळे लांबी पाहून वय ओळखता येत नाही. ही ठिपक्यांची नोंद तोडणीला फार उपयोगी पडते. टोचताना सुई स्पिरिटने पुसावी आणि पावसाळ्यात टोचू नये, जखमेतून कूज शिरते.

तोडणीची घाई हा शेंगेचा पहिला घात. परागणापासून नऊ महिने भरल्यावर रोज पाहणी करायची. गर्द हिरवा रंग फिका होतो आणि खालच्या टोकाला अर्धा सेंटिमीटर पिवळी झाक येते, त्याच दिवशी ती एकच शेंग देठाजवळ मुरगळून तोडायची. अख्खा घोस एकदम कापायचा नाही. पिवळेपणा येण्याआधी तोडलेल्या शेंगेत सुगंधाचा साठा पुरेसा झालेला नसतो. ती नंतर भरमसाट आक्रसते आणि तिच्यावर बुरशी लवकर बसते. चार-आठ दिवस उशीर झाला तर शेंग टोकाकडून उकलते. उकललेली शेंग फुकट जात नाही, पण तिची प्रत उतरते आणि तिला वेगळी वागणूक द्यावी लागते. कोकणात ही तोडणी कार्तिक ते पौषात येते. पाऊस संपलेला, आकाश निरभ्र, दुपारचं ऊन कडक: वाळवणाला याहून चांगला काळ नाही. अडचण एकच, रात्री थंड असतात.

तोडलेल्या शेंगा सावलीत, हवेशीर रोवळीत ठेवून तीन-चार दिवसांचा माल एकत्र करता येतो. त्याहून जास्त थांबू नये. मग लांबीप्रमाणे तीन ढीग करायचे: १५ सेंटिमीटरच्या वर, १० ते १५, आणि आखूड व उकललेल्या एकत्र. साध्या पाण्यात हलक्या हाताने धुऊन निथळायच्या. प्रत्येक ढिगाचं वजन करून वहीत लिहून ठेवायचं. पुढचा प्रत्येक निर्णय त्या वजनावर घ्यायचा आहे.

शेंग मारण्यासाठी पाणी ६३ ते ६५ अंश सेल्सियस हवं. इथे अंदाज चालत नाही, स्वयंपाकाचा तापमापक विकत घ्यावाच. पातेलं मोठं घ्या: २०० ग्रॅम शेंगांना किमान दोन लिटर पाणी, कारण गार शेंगा पडताच पाणी निवतं. पाणी ६६ अंशांवर आलं की गॅस बंद करून शेंगा स्टीलच्या चाळणीसकट बुडवायच्या. लांब शेंगा तीन मिनिटं, मधल्या अडीच, आखूड दोन, उकललेल्या दीड. पाणी ७० च्या वर गेलं तर गाठ सोडवणारं विकरच मरतं आणि शेंग नुसती उकडली जाते. अशी शेंग काळी होते, वाळते, दिसायलाही छान दिसते, पण तिला वाळलेल्या गवताचा वास येतो आणि कितीही मुरवली तरी तो बदलत नाही. पाणी ६० च्या खाली राहिलं तर उलटं होतं: शेंग मरत नाही, दोन दिवसांनी तिच्यावर हिरवे पट्टे तसेच दिसतात आणि ती पिकत, फुटत राहते. असं दिसलं तर फक्त तेवढ्या शेंगा पुन्हा मिनिटभर बुडवाव्यात.

पाण्यातून काढलेली शेंग एक क्षणही गार होऊ द्यायची नाही. हे वाक्य घरच्या व्हॅनिलाचं अर्धं शास्त्र आहे. मोठ्या बागायतदाराकडे शंभर किलोचा ढीग स्वतःच्याच उबेवर दिवसभर टिकतो. आपल्या पाचशे ग्रॅमांची ऊब पंधरा मिनिटांत उडते. म्हणून सगळी तयारी पाणी तापवायच्या आधी करून ठेवायची. माशांसाठी वापरतात तसला थर्मोकोलचा डबा, पण कधीही मासे न ठेवलेला, कोरा. तळाला जाड लोकरीचं कांबळं किंवा घोंगडी. दोन्ही बाजूंना साठ अंशांच्या पाण्याने भरलेल्या लिटर-लिटरच्या स्टीलच्या बाटल्या, टॉवेलमध्ये गुंडाळून. काढलेल्या शेंगा झटपट सुती कापडावर निथळून, त्याच कापडात गुंडाळून, बाटल्यांच्या मधोमध ठेवायच्या. त्यावर कांबळ्याचे पदर, त्यावर झाकण. तापमापकाची टोचणी गुंडाळीत खोचून ठेवावी. आत ४५ ते ५० अंश राहिले पाहिजेत. दर चार-पाच तासांनी बाटल्यांतलं पाणी बदलायचं, रात्री झोपण्याआधी आणि पहाटे उठून सुद्धा.

चोवीस तासांनी उघडाल तेव्हा शेंगा घामेजलेल्या, काळपट तपकिरी आणि मऊ असतील. कापड ओलं झालेलं असतं, ते बदलून कोरडं घ्यायचं. ओलं कापड तसंच ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. अजून हिरवट झाक असेल तर आणखी एक दिवस. या टप्प्यावर येणारा वास व्हॅनिलाचा नसतो. आंबूस, काकवीसारखा असतो, त्याने निराश होऊ नये. कुजकट, दमट वास मात्र आला तर समजावं की ऊब चाळीसच्या खाली गेली होती.

पुढे आठ-दहा दिवस उन्हाची पाळी. दुपारी बारा ते दोन-अडीचच्या दरम्यान अंगणात काळं कांबळं पसरून त्यावर शेंगा एकेका ओळीत मांडायच्या, एकमेकींना न चिकटता. पहिला तास उघड्या, दुसरा तास वरून कांबळ्याचा पदर टाकून, म्हणजे आत ऊब साठते. शेंग हातात धरवत नाही इतकी तापली की, म्हणजे पन्नास अंशांच्या आसपास, गरम गरमच गुंडाळून डब्यात. सकाळच्या कोवळ्या उन्हात घालून काही फायदा नाही, शेंग तापत नाही, नुसती सुकते. चार वाजेपर्यंत ठेवणंही चूक: ऊन उतरतं, वारा सुटतो आणि शेंग गार होऊन डब्यात जाते. ढगाळ दिवस आला तर उघडायच्याच नाहीत, बाटल्या भरून डबा उबदार ठेवायचा. थंडीच्या रात्री एक बाटली आत ठेवलीच पाहिजे. आठवड्यानंतर वजन करावं. मूळ वजनाच्या निम्म्यावर आलं की ऊन पुरे. त्यापुढे ऊन दिलं तर कातडी करकरीत होते आणि आतली ओल बाहेर यायची वाट बंद होते.

त्यानंतर सावलीत वाळवण. वारा खेळतो पण झोत लागत नाही अशा खोलीत, चुलीच्या धुरापासून आणि मसाल्याच्या डब्यांपासून लांब, कारण या टप्प्यातली शेंग आजूबाजूचा वास ओढून घेते. बांबूच्या तट्ट्यावर स्वच्छ सुती कापड अंथरून शेंगा पसरायच्या, मुंग्यांसाठी तट्ट्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत. हे तीन-चार आठवडे चालतं. पौषात दुपारी हवा फार कोरडी असते, तेव्हा दुपारी वरून कापड झाकावं, नाहीतर टोकं काटकीसारखी होतात आणि मधला भाग ओला राहतो. दर दुसऱ्या दिवशी प्रत्येक शेंग अंगठा आणि दोन बोटांत धरून देठापासून टोकापर्यंत हळू ओढायची. त्याने ती सरळ राहते, आतले बारीक दाणे आणि तेल सगळीकडे सारखं पसरतं आणि कातडीवर चमक येते. हात धुतलेले, कोरडे आणि बिनवासाचे असावेत. याच हाताळणीत एकेका शेंगेची तब्येत कळते, म्हणून हे काम दुसऱ्यावर सोपवू नये.

कुठे थांबायचं? शेंग बोटाभोवती गुंडाळता आली, सोडल्यावर पुन्हा सरळ झाली, दाबली तर पाण्याचा थेंब न येता बोटाला फक्त तेलकटपणा लागला, की झालं. वजन मूळच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर आलेलं असतं, म्हणजे १ किलोचे २०० ते २५० ग्रॅम. सगळ्या शेंगा एका दिवशी तयार होत नाहीत. बारीक शेंगा दहा दिवस आधी होतात, त्या वेगळ्या काढाव्यात. अर्धवट ओली एक शेंग डब्यात गेली तर सगळा डबा नासवते.

मुरवण्यासाठी वीस-पंचवीस शेंगांची जुडी करायची, दोन्ही टोकांना आणि मध्ये काळ्या सुती दोऱ्याने बांधायची, बटर पेपरमध्ये गुंडाळायची आणि झाकणाच्या पत्र्याच्या किंवा काचेच्या डब्यात ठेवायची. माल थोडा असल्याने डबाही लहान हवा, तीन-चतुर्थांश भरलेला. मोठ्या रिकाम्या डब्यात सुगंध हवेत जातो आणि शेंग वाळत राहते. प्लास्टिकचा डबा घेऊ नये. वासाच्या लाकडाचा तर नकोच. पहिल्या पंधरा दिवसांत रोज पाच मिनिटं झाकण उघडून ठेवावं आणि वास घ्यावा, नंतर आठवड्यातून एकदा. झाकणाच्या आतून दव दिसलं तर शेंगा ओल्या आहेत, सगळ्या बाहेर काढून आणखी दोन-तीन दिवस सावलीत. तीन महिने हे चालू ठेवायचं. दुसऱ्या महिन्यात वास पालटतो: आंबूसपणा जातो आणि मनुका, गूळ, चामडं यांच्या मागून खरा व्हॅनिला पुढे येतो.

पांढरं काही दिसलं की दचकायला होतं, पण दोन गोष्टींतला फरक ओळखायला शिकावं. उजेडात चमकणाऱ्या, काचेच्या सुईसारख्या बारीक काड्या दिसल्या तर ते व्हॅनिलिनचे स्फटिक, उत्तम मालाची खूण. मळकट, केसाळ, बोट लावताच पुसली जाणारी पांढरी किंवा हिरवी लव म्हणजे बुरशी, आणि ती बहुतेक देठाच्या टोकाला सुरू होते. नुकतीच आलेली आणि टोकापुरती असेल तर ते टोक दोन सेंटिमीटर कापून टाकावं, बाकीची शेंग खाण्यायोग्य अल्कोहोलने, म्हणजे साध्या व्होडकाने पुसावी आणि तासभर कडक उन्हात तापवून आठवडाभर वेगळी ठेवून पाहावी. औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट वापरू नये, ते विषारी असतं. बुरशी शेंगेच्या मध्यावर असेल, किंवा वास दमट, औषधी येत असेल, तर शेंग फेकायचीच. कितीही जीव लावलेली असली तरी ती खाण्याची नाही. त्या जुडीतल्या उरलेल्या शेंगाही सुट्या करून पाहाव्यात आणि डबा उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवावा.

तयार शेंगा काचेच्या घट्ट बरणीत, अंधाऱ्या कपाटात ठेवाव्यात. फ्रिजमध्ये नको, तिथे त्या कडक होतात आणि ओल धरून बुरशीही येते. नीट मुरलेली शेंग दोन वर्षं सहज टिकते. बरणीवर तोडणीचा महिना आणि हिरवं व तयार वजन लिहून ठेवावं. ज्या वर्षी डब्याची ऊब व्यवस्थित राखली त्या वर्षीची शेंग आणि ज्या वर्षी दुर्लक्ष झालं त्या वर्षीची शेंग शेजारी ठेवून हुंगली की पुढच्या वर्षी पहाटे उठून बाटल्या बदलायला कंटाळा येत नाही.

वापरताना शेंग उभी चिरून सुरीच्या पाठीने दाणे खरवडून घ्यायचे. अर्धा लिटर दुधाच्या खिरीला किंवा आइस्क्रीमला अर्धी शेंग पुरते. उकललेल्या, आखूड आणि टोकं कापलेल्या शेंगांचा अर्क करावा: १०० ग्रॅम शेंगा बारीक चिरून १ लिटर व्होडकात, गडद रंगाच्या बाटलीत, पहिला महिनाभर रोज हलवत. दोन महिन्यांनी तो वापरता येतो, पण सहा महिने थांबाल तर रंग आणि वास दोन्ही गहिरे होतात. खरवडून उरलेली सालं धुऊन, पूर्ण वाळवून साखरेच्या बरणीत खोचून ठेवावीत. त्या साखरेला महिन्याभरात वास लागतो, आणि एकच साल दोन-तीन वेळा नवी साखर वासाची करते.